मास्तर, भाची उचलायची हाय

व्यायामशाळा चालवणाऱ्याकडे माणसं दोन गोष्टी घेऊन येतात, पोट आणि तारीख. पोट कित्येक वर्षांचं असतं आणि तारीख पुढच्या महिन्यातली. साखरपुडा, बहिणीचं लग्न, पोलीस भरती, नवरात्रीतला गरबा. दोन्ही माझ्यापुढे ठेवून ती निर्धास्त होतात, चक्कीवर डबा ठेवून बाजाराला जावं तशी.

कर्जतला एका सिमेंट-पत्र्याच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर मी हा धंदा केला. खाली हमाल सिमेंटच्या गोण्या उचलायचे, वर माझी गिऱ्हाइकं लोखंड उचलायची. खालच्यांना उचलण्याचे पैसे मिळत, वरचे उचलण्याचे पैसे देत. यात शहाणा कोण, हे मी वरच्यांना कधी विचारलं नाही. धंदा बसला असता.

मी मूळचा घाटावरचा, तालमीच्या मातीतला. इकडे आलो, शाळा काढली आणि लोक मला 'मास्तर' म्हणायला लागले. आता नेरळकडच्या नव्या संकुलांमध्ये थंडगार जिम आल्या आहेत. तिथे पळायच्या पट्ट्यासमोर टीव्ही असतो, म्हणजे माणूस पळता पळता दुसऱ्याला पळताना बघतो. मी आता फक्त सकाळची वेळ सांभाळतो आणि उरलेला दिवस जुन्या गिऱ्हाइकांच्या आठवणी काढतो.

त्यात एक फार्महाऊसवाले शेठ होते. ते यायचे, सगळ्यांत जड डंबेल मला उचलून हातात द्यायला सांगायचे, फोटो काढायचे आणि मलाच ते परत जागेवर ठेवायला लावायचे. वर्षभरात त्यांच्या फोटोंनी माझे दंड चांगले झाले. एक कॉलेजातला पोरगा फक्त हातांचा व्यायाम करायचा, पायांचं नाव काढलं की त्याला घरचं काम आठवायचं. वरून बैल आणि खालून बगळा असा तो तयार झाला.

पण गिऱ्हाइकांना का हसा? मी कर्जतमध्ये पळायचा पट्टा आणला, तेव्हा तो बघायला बाजारातली निम्मी मंडळी माळ्यावर जमली होती. मी झोकात चढलो, वेग वाढवला आणि 'यात काही अवघड नाही' असं म्हणत असतानाच वीज गेली. पट्टा थांबला, मी थांबलो नाही. शेजारी भिवपुरीला डोंगरावरच्या पाण्यातून वीज तयार होते, पण ती कर्जतला न थांबता पुढे जाते. तसाच मीही पुढे गेलो, थेट भिंतीपर्यंत. जमलेल्यांपैकी कुणी नाव नोंदवलं नाही.

तर दत्तामामा. दिवाळी नुकती सरली होती. पळसदरीच्या पुढच्या एका गावातला हा गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेला, रसायनीच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा. जिना चढून वर आला आणि बाकावर बसून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मी पाणी दिलं.

"बोला. पोट का?"

"पोट ऱ्हाऊ द्या वो. मास्तर, मला उचलायची हाय."

"काय उचलायचीय?"

"भाची."

"केवढी आहे?"

"लग्नाची हाय."

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. माणूस शुद्धीत होता. "लग्नाच्या पोरीला उचलायचं कशाला?"

"तुमी घाटावरचे. तुमाला नाय कळायचं," असं म्हणून त्यांनी मला समजावलं. त्यांच्या गावात हळदीच्या दिवशी, उन्हं कलली की नवरीचा मामा तिला पाठुंगळी घेतो आणि घरापासून गावदेवीच्या देवळापर्यंत बँजोच्या तालावर नाचत नेतो. चालत नाही, नाचत.

इतकी वर्षं या भागात राहून मला हे ठाऊक नव्हतं, याचं कारण सांगायला लाज वाटते. लग्नांना मी जायचो, पण थेट पंगतीला. हळद संध्याकाळी रंगते आणि पहाटे कुलूप उघडणारा माणूस तेव्हा अंथरुणाच्या विचारात असतो. म्हणजे अख्ख्या तालुक्याच्या लग्नांतलं मी फक्त जेवण पाहिलेलं.

भाचीचं नाव प्रणाली. ती लहान असतानाच वडील गेले. मामांची बहीण लेकीला घेऊन माहेरी आली आणि पोरगी मामांच्या घरात वाढली. आता ती खोपोलीच्या एका इस्पितळात नर्स होती. अंगानं दणकट, हाडापेरानं मोठी.

"माजा पुतण्या निखिल म्हंतो, काका, तुमचं वय झालं, तुमाला धाप लागते, मी नेतो तिला. घरात सगळे त्याच्याच बाजूचे. बहीणपण." मामा पंच्याच्या टोकाशी चाळा करत होते. "आता तुमीच सांगा मास्तर. जिला मी वाढवली, तिला घरातून निघताना दुसऱ्याच्या पाठीवर बघू? आनी मी काय करू, शेजारी पानी घेऊन चालू?"

लग्न वैशाखात होतं. मी त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाब गोळीनं आटोक्यात होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढवा, छातीत दडपलं तर थांबा. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा बोललो आहे, तेव्हा कुणालातरी भोगावं लागलं आहे.

मी तालमीतला. मला वजनं आवडतात. मामांना भाची उचलायची होती, म्हणून मी त्यांना उचलायला शिकवलं. रोज उठून तेच, लोखंड जमिनीवरून उचला, धरा, ठेवा, बसा. दर आठवड्याला थोडं वाढवा. मामा कारखान्यात पिंपं हलवणारे, त्यांना ते मानवलं. थंडी संपेपर्यंत त्यांनी भाचीच्या वजनाचं लोखंड उचलून दाखवलं. मी व्यायामशाळेत पेढे वाटले.

दोन दिवसांनी ते मला स्टेशनच्या पुलावर भेटले. म्हणजे मी उतरत होतो आणि ते मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभे होते. हातात फक्त कोथिंबिरीची पिशवी.

"काय झालं मामा?"

त्यांनी हातानं 'थांबा' असं सांगितलं. मग म्हणाले, "मास्तर, भाची उचलंल मी. पन तिला घेऊन आमी तितंच उभं ऱ्हायचं का?"

ताकद वेगळी आणि दम वेगळा, हे मी येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. वजन उचलायला स्नायू लागतो, ते घेऊन चालायला काळीज आणि फुप्फुसं लागतात. नाचायचं तर दोन्ही एकदम. सगळ्यांना सांगितलेलं हे ज्ञान मी फक्त मामांसाठी विसरलो होतो. दुसरं म्हणजे शरीर कामचुकार असतं. रोज तेच काम दिलं की कमीत कमी कष्टात ते कसं उरकायचं हे त्याला कळतं, मग त्याची वाढ थांबते. त्याला सारखं चकवावं लागतं. एक दिवस खूप जड, मोजकं, मध्ये भरपूर विसावा. मग एक दिवस हलकं, पण भराभर. मग लोखंडाला हातच लावायचा नाही, पेज नदीच्या काठच्या चढावर जीव खाऊन पळायचं, दम गेला की उतारावर रमतगमत यायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा पळायचं. आणि मध्ये एक दिवस घरी बसायचं. हा घरी बसायचा दिवस लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो, पण अंग भरतं ते त्याच दिवशी.

मामांना हे पटेना. "काल जड, आज पळनं, परवा दोनी. मास्तर, एक काय ते ठरवा."

"ठरवलं की शरीराला कळतं."

"म्हंजे माज्या शरीराला मी सांगायचं नाय?"

"नाही."

"बायकोला काय काय सांगायचं नसतं, ते ठाऊक हाय. शरीराचं आज कळलं."

पण चढ त्यांनी सोडला नाही. आधी पळत आणि थांबत, मग पळत आणि चालत, मग पाठीवर वाळूची पिशवी बांधून. शेवटी मी माळ्यावर मोबाइलवर बँजो लावला आणि मामा ती पिशवी घेऊन नाचायला लागले. जोरात ठेका लागला की उड्या, संथ झाला की चाल. खालच्या दुकानदारानं जिन्यातून हाक मारली, "वर काय चाललंय? सिमेंट आपोआप चाळून पडतंय!"

"हळद!" मामा वरून ओरडले.

याच सुमारास एका सकाळी एक उंचनिंच पोरगी आली. अंगावर नर्सचा कोट, डोळ्यांत रात्रपाळी.

"सर, मला बारीक व्हायचंय. वैशाखाच्या आत."

पोट नव्हतं, पण तारीख होती. मी सवयीनं विचारलं, "लग्न का? नवऱ्यानं सांगितलं?"

"नवऱ्याचा काय संबंध? मामासाठी." मग तिनं मागे वळून जिन्याकडे बघितलं. "मी येते हे त्याला सांगायचं नाय हां. तो म्हणतो, माझी पोरगी फुलासारखी हाय. फूल कसलं सर, कोबी हाय मी कोबी. याच्या छातीला काय झालं तर मी जन्मभर काय करू?"

मामा संध्याकाळी यायचे, ही सकाळी. दोघांची तारीख एक, आणि मामांना तिचा पत्ता नाही. मी तिलाही तेच दिलं जे मामांना द्यायला उशीर केला होता, वजनं आणि धावणं आलटून पालटून. मला वाटलं, एकदा तरी मी सुरुवातीपासून बरोबर आहे.

महिन्यानं ती काट्यावर उभी राहिली. काटा जिथे होता तिथून थोडा पुढेच गेला होता.

"सर, हे काय?"

"कपडे सैल झालेत ना?"

"झालेत."

"चरबी गेली, स्नायू भरला. स्नायू वजनदार असतो. कंबर बघ किती कमी झाली."

"मामाला माझी कंबर उचलायची नाय सर, मला अख्खी उचलायची हाय!"

ती गेल्यावर मी काट्यावर 'नादुरुस्त' अशी पाटी लावली आणि तो कोपऱ्यात, जुन्या गाद्यांच्या मागे ठेवला. ती मात्र यायची थांबली नाही. तिलाच आवडायला लागलं होतं. म्हणायची, वॉर्डात पेशंटला कुशीवर करताना आता आयाला हाक मारावी लागत नाही. मी तिला खाणं थोडं आवरायला सांगितलं, चढ वाढवले आणि देवाला म्हटलं, मामा तयार झाले आहेत, तेवढ्यावर भागव.

मामा खरंच तयार झाले होते. पुलावर थांबायचे बंद झाले, पोट पट्ट्याच्या आत आलं. पुन्हा चूक नको म्हणून मी एका रविवारी त्यांच्या गावी जाऊन वाट चालून पाहिली. अंगणातून विहिरीपर्यंत सपाट, मग चिंचेपर्यंत चढ, मग देवळाच्या पायऱ्या. बँजोवाल्या मास्तरला गाठलं आणि त्याच्याशी ठरवून टाकलं, अंगणात जोरात, विहिरीपासून संथ, चिंचेखाली पुन्हा जोरात, पायऱ्यांवर अगदी सावकाश. तो म्हणाला, "आमाला लोकं गानी सांगतात. दम सांगनारे तुमी पयले."

हळदीच्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पंगतीच्या आधी लग्नघरी पोचलो. अंगणात मांडव, हळदीनं पिवळी झालेली माणसं, चुलाणावर वड्यांची कढई. प्रणाली नऊवारीत, कपाळापासून हातापर्यंत पिवळीधमक. मामांनी पांढरा सदरा घातला होता. निखिल, तो पुतण्या, त्यांच्या मागेच उभा होता. पोरगा वाईट नव्हता. काळजीनं उभा होता.

उन्हं कलली. मामा वाकले, प्रणाली पाठीवर बसली, बँजोनं उचल घेतली आणि मामा नाचायला लागले. मी बाजूनं चालत होतो. तोंड हसरं ठेवलं होतं, डोळे त्यांच्या मानेच्या शिरेवर. विहीर आली, ठेका उतरला, मामांची पावलं उतरली. श्वास भरून घेतला. चिंच आली, पुन्हा जोर. बायका ओरडत होत्या, "मामा, सोडू नको रं तिला!" पायऱ्यांवर ते एकेक पाऊल टाकत गेले. देवळाच्या ओट्यावर त्यांनी प्रणालीला अलगद उतरवलं आणि माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला.

मी मनात पेढे वाटायला लागलो होतो. प्रणालीनं आणि तिच्या आईनं देवीची ओटी भरली. बँजोवाल्यांनी पाणी प्यायलं, पट्टे पुन्हा गळ्यात अडकवले. आणि मामा पुन्हा वाकले.

"मामा, आता काय?"

"आता परत."

"परत कुठे?"

प्रणालीच्या आईनं, म्हणजे मामांच्या बहिणीनं माझ्याकडे बघितलं. "घरी, मास्तर. देवीपाशीच ठेवून जायची का पोरीला?"

माझ्या पायाखालचा ओटा सरकला. सगळी वाट मी चालून पाहिली होती, एका दिशेनं. परत मी रिक्षानं आलो होतो. गावात कुणी मला सांगितलं नाही, कारण सूर्य मावळतो हे कुणी कुणाला सांगत नाही.

"मामा, मला बोलला नाहीत!"

"मला वाटलं, तुमी धरलंच आसंल," मामा म्हणाले आणि निघाले.

पायऱ्या उतरले. उताराला गुडघे लागतात, ते आम्ही केलं नव्हतं. चिंचेपर्यंत नाचले. बँजोवाल्याला परतीचा हिशेब मी दिलाच नव्हता, तो आपला गावच्या उत्साहानं जोरातच वाजवत होता. मी हात हलवत त्याच्याकडे धावलो, त्याला वाटलं मीही नाचतोय. त्यानं आणखी वाढवलं.

विहिरीच्या अलीकडे मामा थांबले. पडले नाहीत, डगमगले नाहीत, नुसते थांबले. सदरा पाठीला चिकटलेला, तोंड उघडं. मी मनगट धरलं. नाडी पळत होती, पण सरळ पळत होती. "छातीत दडपतंय?" मान हलली, नाही. "मग श्वास घ्या. फक्त श्वास घ्या."

बँजो अडखळत बंद पडला. निखिल पुढे आला. "काका, द्या तिला हिकडं. पुष्कळ झालं."

मामांनी तिला दिली नाही. पाऊलही टाकलं नाही. एवढी माणसं असून वाटेवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. घर समोर दिसत होतं, मांडवाची झालर हलत होती. मामांचे हात तिच्या पायांभोवती तसेच घट्ट होते आणि डोळे खाली मातीत.

मग प्रणाली त्यांचे हात सोडवून स्वतःच खाली उतरली. पदर कमरेला घट्ट खोचला, मामांच्या पुढे आली आणि त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली.

"बस."

"काय बस? येडी झालीस काय?"

"मामा, बस म्हणते ना. तुझ्यापेक्षा माझे पेशंट बरे, ऐकतात तरी."

"लोकं हसतील गं."

"हसू दे. हळद हाय."

मामांनी निखिलकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बहीण म्हणाली, "बस रं दादा. तिचं ऐक." आणि मामा बसले, एखादा शहाणा माणूस पहिल्यांदा पाळण्यात बसतो तसे, डोळे मिटून.

ती उठली.

एक म्हातारी म्हणाली, "गं बाय माजे!" मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि बँजोवाल्याला सुचेल ते सूर लागले. सगळा गाव तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. माणसं भार घेऊन उठतात ती कमरेतून वाकून, आणि मग महिनाभर शेक घेत बसतात. ही टाचांवर भार देऊन, मांड्यांच्या जोरावर उठली. पाठ मुसळासारखी सरळ. हे पाहणारा तिथे मी एकटाच होतो, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

विहीर मागे पडली. मामांनी पंच्यानं तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते, ते हसून की रडून, हे कळायला मार्ग नव्हता. मग पंचा खाली आला, एक हात हवेत गेला आणि तिच्या पाठीवर बसल्या बसल्या मामा नाचायला लागले. माझ्याजवळून जाताना मात्र त्यांची नजर माझ्यावर खिळली.

"मास्तर! हे उचलनं हिला कोनी शिकवलं?"

मी बँजोवाल्याकडे बघायला लागलो.

"आरं, मी इचारतोय मास्तर! ही तुमच्याकडं कदी..."

"बोलू नको मामा," खालून प्रणाली म्हणाली, "माझा दम जातो."

आणि त्या दिवसापर्यंत व्यायाम करताना कधी, कुणाच्या सांगण्यानं गप्प न बसलेले दत्तामामा अंगणापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.